डोळ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यानंतर येणारी सूज : वाचकांचे प्रश्न आणि नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला येणारी सूज आणि तिच्यासाठी दिली जाणारी इंजेक्शने यांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे : इंजेक्शननंतर डोळा एकाएकी धुरकट झाला, तर डोळ्यात जंतू गेले असेच समजायचे का? काही पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून केळीची बाग अजूनही स्वतः पाहतात. मधुमेह जुना आहे आणि उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पूर्वीच झालेले आहे. त्याच डोळ्याच्या पडद्याला सूज आल्याने आधी दुसऱ्या प्रकारची इंजेक्शने झाली. सूज हटेना, म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, “मना डोयामा धुकं भरी गयं.” दुखत नव्हते, लालीही फारशी नव्हती, मात्र टॉर्च लावून पाहिले तेव्हा बुबुळाच्या तळाशी पांढरी रेघ दिसली. आम्ही लगेच जळगाव गाठले. डॉक्टरांनी तपासून हा जंतुसंसर्ग वाटत नाही असे सांगितले, दर तासाला थेंब टाकायला दिले आणि रोज बोलावले. पाच-सहा दिवसांत धुके उतरू लागले. गावात मात्र सगळे म्हणतात की डोळ्यात पू झाला होता, म्हणजे औषध तरी खराब होते किंवा हात तरी अस्वच्छ होते. जंतू नसताना पू कसा होतो? आणि पुढचे इंजेक्शन घ्यावे की नाही? (रावेर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : वडिलांची दृष्टी परत येत आहे, ही सर्वांत समाधानाची बाब. आपण सांगितलेला क्रम, म्हणजे एका दिवसाच्या आत आलेले धुके, वेदना नसणे आणि डोळ्यात प्रतिजैविकांची इंजेक्शने न देताही केवळ थेंबांवर पडलेला उतार, हा जंतूंशिवाय होणाऱ्या दाहाशी चांगलाच जुळतो. डोळ्यात ट्रायअॅमसिनोलोन हे स्टेरॉइड देण्याची पद्धत २००० नंतरच्या काही वर्षांत झपाट्याने रूढ झाली आणि २००३ सालापासूनच अशा दाहाची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. वेगवेगळ्या अहवालांत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आतपासून काही टक्क्यांपर्यंत आढळते. म्हणजे हा प्रकार नेहमीचा नाही, पण अनोळखीही नाही.

प्रथम पुवाविषयी. पू म्हणजे मुख्यतः शरीराच्या पांढऱ्या पेशींचा साठा. जंतू शिरले की या पेशी तेथे जमतात, आणि एखादे रसायन किंवा बाहेरचे सूक्ष्म कण ऊतींना बोचू लागले तरीही जमतात. त्यामुळे डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे बुबुळासमोरच्या द्रवाने भरलेल्या पोकळीत, तळाशी पांढरा थर दिसला, एवढ्यावरून जंतू असल्याचे सिद्ध होत नाही.

शिवाय आपल्या वडिलांच्या बाबतीत तो थर पेशींचा नसून औषधाचाच असण्याचीही शक्यता आहे. ट्रायअॅमसिनोलोन पाण्यात विरघळत नाही; त्याचे बारीक स्फटिक द्रवात तरंगत असतात आणि बाटली थोडा वेळ स्थिर ठेवली की चुन्याच्या निवळीसारखा पांढरा गाळ खाली बसतो व वर स्वच्छ पाणी राहते. म्हणूनच इंजेक्शन भरण्यापूर्वी बाटली नीट हलवावी लागते. नेहमीची मात्रा ४ मिलिग्रॅम असते आणि ती ०.१ मिलिलिटर द्रवातून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे सुई घालून, डोळ्याच्या आतील पारदर्शक जेलीत सोडली जाते. ही जेली सुमारे ४ मिलिलिटर असते. ज्या डोळ्यात नैसर्गिक भिंग आणि त्याचे आवरण शाबूत आहे, तेथे हे स्फटिक मागेच राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतरच्या लेझरमध्ये मागील आवरणाला छिद्र पडले असेल, अथवा भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल झाले असतील, तर ते पुढच्या कप्प्यात येतात आणि तळाशी बसतात.

हा थर कोणत्या जातीचा आहे, हे ठरवताना नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या झोतात बारकाईने पाहतात. औषधाचा गाळ असेल तर पांढऱ्या थरात सुटे सुटे चमकणारे कण दिसतात आणि त्याची वरची कड सैल असते. रुग्णाला थोडा वेळ एका कुशीवर झोपवून पुन्हा बसवले, तर थराने जागा बदललेली आढळते. जंतुसंसर्गातील पू बहुधा पिवळसर, घट्ट असतो. त्यात चिकट धागे असतात आणि तो सहजासहजी हलत नाही. या तपासणीला कोणतेही महाग यंत्र लागत नाही, लागते ती सवड आणि बारीक नजर.

आता जंतूंशिवायच्या खऱ्या दाहाकडे येऊ. सूज उतरवणाऱ्या औषधानेच डोळ्यात दाह व्हावा, हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. पण बाटलीत केवळ स्टेरॉइड नसते. सांध्यांमध्ये आणि स्नायूंमध्ये देण्यासाठी बनवलेल्या जुन्या औषधात बेन्झिल अल्कोहोल हे परिरक्षक, म्हणजे औषध खराब होऊ न देणारा पदार्थ, सुमारे एक टक्का असते, आणि स्फटिक एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पॉलिसॉर्बेट व कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हे पदार्थही असतात. गुडघ्याला हे पदार्थ सोसतात. डोळ्याच्या आतील ऊती फारच नाजूक असल्याने तेथे ते बोचू शकतात. निर्मितीच्या वेळी अत्यल्प प्रमाणात राहून गेलेली जंतूंची विषद्रव्ये, म्हणजे जिवंत जंतू नव्हे तर मेलेल्या जंतूंचे अवशेष, हेही एक कारण मानले जाते. स्फटिकांचा आकार आणि त्यांचे घर्षण हे आणखी एक. प्रत्येक रुग्णात नेमके यांपैकी कोणते कारण होते, हे मागाहून वेगळे काढता येत नाही. परंतु पहिल्या कारणाकडे, म्हणजे परिरक्षकाकडे, अनेकदा बोट दाखवले जाते.

आपल्या पत्रातील एक गोष्ट मला मुद्दाम अधोरेखित करावीशी वाटते : आपण त्याच दिवशी जळगाव गाठले. हा निर्णय योग्य होता आणि नंतर निदान सौम्य निघाले म्हणून तो अनावश्यक ठरत नाही. जंतुसंसर्ग साधारणपणे इंजेक्शननंतर दोन ते सात दिवसांत डोके वर काढतो. डोळा ठणकतो, पापणी सुजते, लाली वाढत जाते आणि दृष्टी तासागणिक ढासळते. जंतूंशिवायचा दाह बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो, वेदना कमी असतात आणि दृष्टी मंदावली तरी पूर्ण अंधार क्वचितच होतो. वाचायला ही सीमारेषा स्वच्छ वाटते, पण डोळ्यात स्टेरॉइड असताना ती पुसट होते. स्टेरॉइड वेदना आणि लाली दाबून टाकते, त्यामुळे खरा जंतुसंसर्गही काही दिवस गप्प राहू शकतो; उलट काही रुग्णांत जंतू नसतानाही डोळा बऱ्यापैकी दुखतो. म्हणून ‘दुखत नाही, तेव्हा काळजी नाही’ हा हिशेब या इंजेक्शननंतर कधीही करू नये.

आपल्या डॉक्टरांनी रोज बोलावले, त्यामागे हेच कारण असणार. निदानाबाबत थोडीशीही शंका असली किंवा बारा ते चोवीस तासांत डोळा सुधारण्याऐवजी बिघडू लागला, तर वाट न पाहता जेलीतील थोडा नमुना सुईने काढून तपासणीला पाठवतात आणि त्याच वेळी व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम व सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम ही प्रतिजैविके डोळ्यात देतात. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत थांबत नाहीत, कारण जंतू वाढून दिसायला एक-दोन दिवस किंवा अधिक काळ लागतो आणि तेवढ्या अवधीत पडदा कायमचा निकामी होऊ शकतो. नमुन्यात जंतू आढळले नाहीत म्हणजे ते नव्हतेच, असेही ठामपणे म्हणता येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या जंतुसंसर्गावर अमेरिकेत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही सुमारे ७० टक्के रुग्णांतच जंतूंची निश्चित वाढ दिसली होती. एखाद्या डॉक्टरने शंका घेऊन प्रतिजैविके दिली आणि पुढे तो दाह जंतूंशिवायचाच निघाला, तर त्यांनी चूक केली असे कृपया समजू नका. डोळा वाचवण्याच्या बाजूने घेतलेली ती शंका असते.

राहता राहिला गावातील चर्चेचा भाग. हात अस्वच्छ असते तर जंतुसंसर्ग झाला असता; आपल्या वडिलांच्या डोळ्याने तसे वर्तन केलेले नाही. औषधाच्या बाबतीत मात्र एक चौकशी जरूर करा. त्या दिवशी त्याच बॅचच्या औषधाने इतर कुणाला असा त्रास झाला का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा आणि औषधाचे नाव व बॅच क्रमांक आपल्या कार्डावर लिहून घ्या. एकाच दिवशी दोन-तीन रुग्णांना असा दाह झाला, तर ती बॅच ताबडतोब बाजूला ठेवावी लागते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या समन्वयाने चालतो; तेथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णही नोंद करू शकतात. ही नोंद तक्रार म्हणून नव्हे, तर पुढच्या रुग्णाच्या भल्यासाठी असते.

पुढचे इंजेक्शन घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर पडद्याच्या सुजेवर अवलंबून आहे. दाह पूर्ण ओसरल्यावर ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याची सूज मोजणारी तपासणी, करून घ्या. जंतूंशिवायचा दाह बरा झाल्यावर दृष्टी बहुतेक वेळा पूर्वीच्या पातळीवर येते आणि पडद्याची सूजही स्टेरॉइडमुळे उतरलेली दिसते. पुन्हा गरज पडलीच, तर मागच्या वेळी काय झाले हे कार्डासह दाखवून, परिरक्षक नसलेले औषध किंवा वेगळ्या प्रकारचे औषध मिळेल का, असे विचारावे. केवळ या एका अनुभवामुळे उपचार सोडून देऊ नयेत. मधुमेहाची सूज पडद्याच्या मध्यभागी वर्षानुवर्षे राहिली, तर जे नुकसान होते त्याला नंतर इलाज नसतो.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. माझ्या आईला शहरात नेऊन डोळ्यात असेच इंजेक्शन द्यायचे ठरले आहे. घाट उतरून तेथे पोहोचायला अर्धा दिवस जातो आणि रात्री वाहन मिळत नाही. कोणत्या लक्षणाला पळत यायचे आणि कशाला घरी थांबले तरी चालते, हे स्पष्ट सांगावे. (नंदुरबार जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : सर, आपल्यासारख्या दूरच्या गावांतील रुग्णांसाठी इंजेक्शनइतकेच नियोजनही महत्त्वाचे आहे, आणि ते आधी करता येते. इंजेक्शन सोमवारी किंवा मंगळवारी घ्या. शनिवारी घेतले तर पुढचे धोक्याचे दिवस नेमके सुटीत येतात. पहिली रात्र, आणि शक्य झाल्यास दुसरीही, शहरातच एखाद्या नातेवाइकाकडे काढा आणि दुसऱ्या दिवशी डोळा दाखवूनच गावाकडे निघा. डॉक्टरांना ही अडचण आधी सांगितली, तर ते तारीख त्याप्रमाणे देतील, याविषयी मला शंका नाही.

त्याच दिवशी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सुईच्या जागी लाल ठिपका पडणे, थोडे खुपणे, पाणी येणे, हे सर्व चालते. नजरेसमोर काळे-पांढरे ठिपके किंवा जाळी तरंगताना दिसणे हेही स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर अपेक्षित आहे, कारण औषधाचे स्फटिक जेलीत तरंगत असतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. बसल्यावर ते खाली जातात, आडवे झाले की पुन्हा समोर येतात. म्हणून डॉक्टर अनेकदा पहिले काही तास डोके उंच ठेवून बसायला सांगतात. काही आठवड्यांत ही जाळी आपोआप विरते.

पण आईला आदल्या संध्याकाळी दिसत होते त्यापेक्षा सकाळी कमी दिसू लागले, तर थांबू नये. हे तपासण्यासाठी घरी एक साधी सवय लावा : दुसरा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे तेच कॅलेंडर, त्याच जागेवरून, सकाळ-संध्याकाळ वाचायला सांगा. तारखेचे मोठे आकडे काल वाचता येत होते आणि आज येत नाहीत, एवढा फरक पुरेसा आहे. वाढत जाणारी वेदना, पापणीची सूज, प्रकाश सहन न होणे, बुबुळाच्या तळाशी पांढरा थर दिसणे, यांपैकी एकही गोष्ट असली तरी त्याच दिवशी निघावे. ही काळजी पहिले दोन आठवडे घ्यावी, केवळ पहिले दोन दिवस नव्हे.

फोनवरून फोटो पाठवून विचारणे चांगले आहे, पण तो फोटो लवकर बोलावून घेण्यासाठी उपयोगी असतो, घरी थांबवण्यासाठी नाही. मोबाइलच्या फोटोत डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील पेशी दिसत नाहीत आणि मागची जेली तर मुळीच दिसत नाही. माझे स्पष्ट मत आहे की जंतुसंसर्ग नाही असा निर्वाळा फोनवर कुणीही देऊ नये आणि कुणी दिला तरी रुग्णाने तो मानू नये. अगदीच वाहन नसेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्णवाहिकेची चौकशी करा; निघताना इंजेक्शनचे कार्ड सोबत ठेवा आणि घरातील कोणतेही जुने थेंब डोळ्यात टाकू नका.

प्रश्न : मी धुळ्यात औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. परिरक्षकामुळे डोळ्याला त्रास होत असेल, तर बाटलीतील वरचे पाणी काढून टाकून औषध धुवून का वापरत नाहीत?

उत्तर : हा प्रश्न नेमका आहे, आणि हा उपाय प्रत्यक्षात करून पाहिला गेलेला आहे. स्फटिक खाली बसू द्यायचे, वरचा द्रव काढून टाकायचा आणि तेवढाच सलाइनसारखा निर्जंतुक द्रव भरायचा. काही ठिकाणी यासाठी सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून गाळ खाली बसवणारे यंत्र, किंवा गाळणीही वापरली गेली. यातून परिरक्षकाचे प्रमाण घटते, पण ते पूर्णपणे जात नाही. त्याशिवाय दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. गाळ आणि पाणी यांचे प्रमाण बदलल्याने ०.१ मिलिलिटरमध्ये नेमके किती मिलिग्रॅम औषध गेले, याची खात्री राहत नाही. आणि प्रत्येक वेळी बाटली उघडून हाताळल्याने बाहेरचे जंतू शिरण्याची संधी वाढते. ज्या जंतूंशिवायच्या दाहाला टाळायचे, त्याच्या बदल्यात खऱ्या जंतुसंसर्गाचा धोका पत्करणे हा सौदा योग्य नव्हे.

यावरचा सरळ मार्ग म्हणजे डोळ्यासाठीच, परिरक्षकाशिवाय बनवलेले औषध. अमेरिकेत अशा ट्रायअॅमसिनोलोनला २००७ मध्ये मान्यता मिळाली आणि भारतातही परिरक्षक नसलेले औषध तयार होते. ते एकदाच वापरायचे असते. परिरक्षक नसल्यामुळे उघडलेली बाटली दुसऱ्या रुग्णासाठी ठेवता येत नाही. आपण पुढे औषधांच्या खरेदीशी संबंधित काम करणार असाल, तर हे शेवटचे वाक्य कृपया लक्षात असू द्या, कारण एका बाटलीतून अनेकांना औषध देण्याचा मोह खर्चाच्या कारणाने होतो आणि त्याची किंमत रुग्णाचा डोळा मोजतो.

प्रश्न : असाच दाह मला चार महिन्यांपूर्वी झाला होता. तेव्हा दिलेल्या थेंबांनी डोळा छान मोकळा झाला, म्हणून मी ते अजूनही मेडिकलमधून आणून सुरू ठेवले आहेत. अलीकडे त्या बाजूचे डोके जड वाटते. (चाळीसगाव येथील एक वाचक)

उत्तर : ताई, हे उत्तर वाचल्यावर पहिले काम म्हणजे डोळ्याचे प्रेशर मोजून घेणे. शक्यतो उद्याच जा. दाहासाठी दिलेले थेंब बहुधा प्रेडनिसोलोनचे, म्हणजे स्टेरॉइडचेच असतात. ते सुरुवातीला दर तासाला, मग हळूहळू कमी करत काही आठवड्यांत थांबवायचे असतात. आपल्या डोळ्यात आधीच इंजेक्शनचे स्टेरॉइड होते; त्यावर चार महिने थेंबांची भर पडली आहे. डोळ्याचे प्रेशर साधारण १० ते २१ असते. स्टेरॉइडमुळे ते ३० किंवा ४० पर्यंत गेले, तरी अनेकांना काहीच जाणवत नाही. डोके जड होणे ही मिळालेली सूचना समजा. वाढलेल्या प्रेशरने डोळ्याची नस सुकली, की तो काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

वेळीच कळले तर प्रेशर कमी करणाऱ्या थेंबांनी बहुतेक डोळे आटोक्यात येतात. जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब पुन्हा पुन्हा देणाऱ्या औषधविक्रेत्यांनाही मी कळकळीने विनंती करतो, की चिठ्ठीवरची तारीख पाहावी. डोळे आले, कचरा गेला, लाली आली, अशा प्रत्येक कारणाला हे थेंब मागितले जातात आणि तत्काळ बरे वाटत असल्याने ते लोकप्रियही आहेत. नुकसान मागाहून आणि शांतपणे होते.

प्रश्न : हे सर्व धोके असताना स्टेरॉइड वापरतातच कशाला? माझ्या पतींना दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी आता नेहमीच्या इंजेक्शनऐवजी स्टेरॉइड असलेली छोटी कांडी डोळ्यात बसवू असे सुचवले आहे. त्यानेही असा दाह होतो का? (अमळनेर येथील एक वाचक)

उत्तर : आज मधुमेहाच्या सुजेसाठी पहिली पसंती स्टेरॉइडला नाही, ती रक्तवाहिन्यांची गळती थांबवणाऱ्या दुसऱ्या गटातील इंजेक्शनांना आहे. यामागे अनुभव आहे. अमेरिकेत ८४० डोळ्यांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रायअॅमसिनोलोनची तुलना लेझरशी केली गेली. दोन वर्षांनंतर लेझर घेतलेल्यांची दृष्टी सरासरीने अधिक चांगली होती. ४ मिलिग्रॅम स्टेरॉइड घेतलेल्या गटात ५१ टक्के डोळ्यांना मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे लागले, लेझरच्या गटात १३ टक्क्यांना. प्रेशर १० किंवा अधिक अंकांनी वाढण्याचे प्रमाण ३३ टक्के विरुद्ध ४ टक्के होते. म्हणजे जंतूंशिवायच्या दाहापेक्षा मोतीबिंदू आणि प्रेशर हेच स्टेरॉइडचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

तरीही काही रुग्णांना ते द्यावेच लागते. पहिल्या पसंतीच्या या इंजेक्शनांना दाद न देणारी सूज, मोतीबिंदूचे ऑपरेशन आधीच झालेला डोळा, दरमहा येणे अशक्य असलेला रुग्ण, आणि नुकताच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला रुग्ण, ही त्याची प्रमुख कारणे आहेत. गळती थांबवणाऱ्या त्या औषधांचा थोडा अंश रक्तात मिसळतो, म्हणून अशा झटक्यानंतर अनेक नेत्रतज्ज्ञ ती इंजेक्शने काही महिने टाळतात. आपल्या पतींसाठी सुचवलेला पर्याय त्यामुळे विचारपूर्वक आहे.

ती कांडी डेक्सामेथासोनची असते. तिच्यात ०.७ मिलिग्रॅम औषध असते. ती हळूहळू विरघळत सुमारे तीन-चार महिने काम करते आणि नंतर काढावी लागत नाही. अमेरिकेत तिला २००९ मध्ये पडद्याच्या शिरा तुंबून आलेल्या सुजेसाठी आणि २०१४ मध्ये मधुमेहाच्या सुजेसाठी मान्यता मिळाली. तिच्यात बेन्झिल अल्कोहोल नसते आणि सुटे स्फटिकही नसतात, त्यामुळे ट्रायअॅमसिनोलोननंतर दिसणारा पांढरा गाळ आणि तशा प्रकारचा दाह येथे क्वचितच आढळतो. जंतुसंसर्गाचा धोका मात्र सुई आत जाते तेथे राहतोच, आणि धडगावच्या वाचकांना सांगितलेली सर्व लक्षणे आपल्यालाही लागू आहेत.

कांडी बसवण्यापूर्वी दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला. पतींना किंवा त्यांच्या जवळच्या नातलगांना काचबिंदू असल्यास तो सांगा. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, तर त्या वेळी मागचे आवरण फाटले होते का, भिंग कोठे बसवले आहे, हे जुन्या कागदांवरून दाखवा. आवरण नसलेल्या डोळ्यात ही कांडी सरकून पुढच्या कप्प्यात येऊ शकते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा करते. तशा डोळ्यात ती बसवू नये असा नियमच आहे. ऑपरेशन शिबिरात झाले असेल आणि कागद सापडत नसतील, तरी बाहुली मोठी करून तपासल्यावर आवरणाची स्थिती डॉक्टरांना दिसू शकते, म्हणून ती तपासणी झाल्यावरच तारीख घ्यावी. कांडी बसवल्यानंतर पहिल्या महिन्यात, आणि पुन्हा दोन महिन्यांच्या सुमारास, प्रेशर मोजायला जावे, कारण या औषधाने प्रेशर वाढलेच तर ते बहुधा याच काळात सर्वाधिक असते.